मलेरियाच्या परजीवीत शेवाळाचा अवशेष? मग तो रक्तात आला कसा?

स्लाइडवाली

नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. आशाताईंनी आणलेल्या स्लाइड जेएसबीने रंगवायच्या, तेल टाकून शंभरच्या लेन्सखाली धरायच्या आणि रजिस्टरात लिहायचं: निगेटिव्ह, पीव्ही (व्हायव्हॅक्स मलेरिया), पीएफ (जीवघेणा फाल्सिपेरम मलेरिया). राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा आमच्याच जिल्ह्यातून येतो, त्यामुळे पीएफच्या अंगठ्या (तांबड्या पेशीतले कोवळे परजीवी) आणि केळ्यासारखे गॅमेटोसाइट (डासात जाणारी अवस्था) आता झोपेतसुद्धा ओळखता येतील.

परवा एका पेशंटला क्विनाइनच्या जोडीला डॉक्सी लिहून आली. डॉक्सीसायक्लिन आम्ही लेप्टोला देतो, पुटकुळ्यांना देतो. ते जिवाणूंवरचं औषध. मलेरियाचा परजीवी काही जिवाणू नाही, त्याला तर आपल्यासारखं केंद्रक असतं, ते मला रोज लाल ठिपक्यासारखं दिसतं. मग ही गोळी त्याला लागू कशी पडते? डॉक्टरांना विचारलं. ते डिलिव्हरीच्या घाईत होते. चालता चालता म्हणाले, "अगं, त्याच्या पोटात शेवाळाचा तुकडा आहे, त्याला लागते ती." आणि गेले.

आता मला सांगा, उन्हावर जगणारं शेवाळ आणि माणसाच्या तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खाणारा हा प्राणी, यांचा संबंध काय? शाळेत आम्हाला शिकवलं की अमीबापासून पुढे पुढे सगळं प्रगत होत गेलं. इथं तर उलटंच दिसतंय. स्वतःचं अन्न स्वतः करणारा जीव दुसऱ्याच्या घरात घुसून खायला का लागला? आणि घुसण्याची हत्यारं आधी आली की घुसायची सवय आधी?

डीएमएलटी केलंय, बीएस्सी नाही. त्यामुळे जरा उलगडून सांगा बाप्पा.

निवांत_नागपूरकर

सोप्पं आहे ताई. आयतं मिळालं की कोण राबतो? आमच्या बिल्डिंगमध्येही असे दोन-तीन आहेत, फक्त त्यांच्यावर डॉक्सी चालत नाही. परजीवी म्हणजे उत्क्रांतीतली अधोगती, एवढंच. आळशी झाला, अवयव गळाले, संपला विषय.

गांडूळमास्तर

विषय संपला नाही हो नागपूरकर, आता कुठे सुरू होतोय.

ताई, तुमच्या डॉक्टरांनी अर्ध्या वाक्यात सांगितलं ते खरं आहे. मी कोकणातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे उत्तर लांबणार. कंटाळलात तर मधेच सोडा, हजेरी घेत नाही.

मलेरियाच्या आधी गांडुळाकडे जाऊ. प्रॅक्टिकलला गांडूळ फाडलं की मी मुलांना सेमिनल व्हेसिकलचा पांढरट द्रव काचेवर घ्यायला लावायचो. मिठाच्या पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि बघा. मोनोसिस्टिस! हा एकपेशीय परजीवी नसलेलं गांडूळ शोधायचं म्हटलं तरच कष्ट पडतात. गांडुळाच्या तयार होत असलेल्या शुक्रपेशींच्या गोळ्यात तो बसतो आणि तो गोळा आतून खात मोठा होतो. मेलेल्या शुक्रपेशींची शेपटं त्याच्या अंगाला चिकटून राहतात, म्हणून मुलं हमखास म्हणायची, "सर, सिलिया (हलणारे केस)!" पुढे त्याच्या होडीच्या आकाराच्या गाठी होतात. प्रत्येक गाठीत आठ बारीक, कोयत्यासारखे वाकडे जीव. तुमच्या डासाच्या लाळेतून येणारे स्पोरोझोइट आणि हे एकाच घराण्यातले आहेत. घराण्याचं नाव अपिकॉम्प्लेक्सा. आतापर्यंत 6,000 च्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात आणि त्या जवळपास सगळ्या परजीवी. मलेरिया, मांजरातून येणारा टोक्सोप्लाझ्मा, कोंबड्यांची कॉक्सी, वासरांना हगवण लावणारा क्रिप्टोस्पोरिडियम, हे सगळे यातलेच.

या घराण्याची खूण म्हणजे पेशीचं पुढचं टोक. तिथं हत्यारांचा संच असतो: टोकाशी आधार देणारी चौकट आणि तिच्यामागे रसायनांनी भरलेल्या बारीक पिशव्या. टोक लावायचं, पिशव्या रिकाम्या करायच्या, आत शिरायचं. मलेरियाचा मेरोझोइट, म्हणजे रक्तात सुटलेलं पिल्लू, तांबड्या पेशीत मिनिटभराच्या आत घुसतो ते याच्याच जोरावर.

हत्यार आधी की सवय आधी, असं तुम्ही विचारलंत ना? हत्यार आधी. खात्रीने.

याच घराण्याच्या शेजारी कोल्पोडेला नावाचा जीव आहे. हा परजीवी नाही. पाण्यात, ओल्या मातीत मोकळा हिंडतो आणि शिकार करतो. दुसरा एकपेशीय जीव दिसला की त्याला आपलं टोक चिकटवतो, भोक पाडतो आणि शहाळ्यात नळी घालून पाणी ओढावं तसा आतला रस ओढून घेतो. शिकार कोरडी पडते, हा पुढे जातो. त्याच्या टोकातली चौकट आणि पिशव्या आपल्या मलेरियाच्या संचाशी मिळत्याजुळत्या आहेत.

आता विचार करा. हाच शिकारी एखाद्या समुद्री किड्याच्या आतड्यात गेला. तिथल्या अस्तराला त्याने टोक लावलं. रस ओढायला लागला. पण या वेळी समोरचा जीव त्याच्यापेक्षा लाखोपट मोठा. एक पेशी कोरडी पडली तर किड्याला पत्ताही लागत नाही. शिकार संपत नाही, म्हणून पुढे जायची गरज नाही. हाच जीव काल शिकारी होता, आज परजीवी झाला. त्याच्यात काहीच बदललं नाही, बदललं ते जेवणाचं आकारमान. ग्रेगरिन नावाचे या घराण्यातले कितीतरी जीव आजही असेच किड्यांच्या आतड्याला टोक लावून लटकलेले असतात, पेशीच्या बाहेरच. काहींनी पुढची पायरी गाठली आणि अख्खेच आत गेले. तुमचा पीएफ त्यातला.

"स्वतःचं अन्न करणारा आळशी झाला" ही नागपूरकरांची गोष्ट म्हणून मला पटत नाही. याचा पूर्वज एकाच वेळी दोन धंदे करणारा असावा: उन्हात अन्न करायचं आणि जमेल तेव्हा शिकारही करायची. असे जीव समुद्रात आजही भरपूर आहेत. त्यातला एक धंदा बंद पडला, दुसरा वाढला.

आता शेवाळ. 1970 च्या दशकात मलेरियाच्या परजीवीत केंद्रकाबाहेर डीएनएचं एक छोटं वर्तुळ सापडलं, सुमारे 35,000 अक्षरांचं. सगळ्यांनी धरून चाललं की हे मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराचं असणार. वर्षानुवर्षं तसंच मानलं गेलं. मग त्याच परजीवीत खरंखुरं मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए वेगळं सापडलं, जेमतेम 6,000 अक्षरांचं. मग हे मोठं वर्तुळ कुणाचं? लंडनला इयन विल्सन यांच्या गटाने ते पुरतं वाचून 1996 मध्ये छापलं. त्यातली जनुकं वनस्पतींच्या हरितलवकातल्या जनुकांसारखी निघाली! त्याच वर्षी मेलबर्नच्या जेफ्री मॅकफॅडन यांनी टोक्सोप्लाझ्मात ते नेमकं कुठं बसतं ते दाखवलं, आणि 1997 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने त्याच्याभोवती चार पापुद्रे मोजले.

चार पापुद्र्यांत सगळा इतिहास आहे. फार पूर्वी एका पेशीने प्रकाशावर जगणारा एक जिवाणू गिळला आणि पचवला नाही. त्याचं हरितलवक झालं, दोन पापुद्र्यांचं. त्या वंशात पुढे लाल शेवाळं आली. मग दुसऱ्याच एका पेशीने अख्खं लाल शेवाळ गिळलं आणि तेही पचवलं नाही. म्हणून चार. मलेरियाच्या पूर्वजाने हे घेतलं आणि उन्हाचा धंदा बंद झाल्यावरही टाकलं नाही. त्यालाच अपिकोप्लास्ट म्हणतात. ते मुळात जिवाणूचं वंशज, म्हणून त्यातलं प्रथिनं बनवायचं यंत्र अजून जिवाणूच्या घडणीचं आहे. डॉक्सी त्या यंत्राला बंद पाडते. तुमच्या डॉक्टरांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग हा.

मग हे नुसतं अडगळ म्हणून राहिलंय का? नाही. हरितलवकात फक्त उन्हाचं काम चालतं हा आपला शाळकरी समज. तिथं इतर पुष्कळ रसायनंही तयार होतात. त्यातलं एक म्हणजे आयसोप्रिनॉइडांचा कच्चा माल, ज्याच्याशिवाय पेशी चालत नाही. आपलं शरीर ते एका वाटेने बनवतं, वनस्पती आणि जिवाणू दुसऱ्या वाटेने. मलेरियाचा परजीवी आपल्या रक्तात बसून ते वनस्पतींच्या वाटेने बनवतो, अपिकोप्लास्टमध्ये. 2011 मध्ये एलन येह आणि जो डेरिसी यांनी एक सुरेख प्रयोग केला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पीएफला प्रतिजैविक देऊन त्याचं अपिकोप्लास्ट पार नाहीसं केलं, पण तो कच्चा माल बाहेरून पुरवत राहिले. परजीवी मजेत वाढला. पुरवठा थांबवला, मेला. म्हणजे रक्तातल्या अवस्थेत त्या सगळ्या यंत्रणेचं न टाळता येणारं काम बहुधा तेवढं एकच.

आणि टाकता आलं तर टाकतातही. क्रिप्टोस्पोरिडियमने अपिकोप्लास्ट साफ टाकलंय, लागेल ते यजमानाकडून उचलतो. त्याच्यावर ही औषधं या वाटेने चालणार कशी? घाव घालायला जागाच नाही.

स्लाइडवाली

सर, दोनदा वाचलं. शिकार आणि परजीवी यांतला फरक आकाराचा, हे डोक्यात पक्कं बसलं.

आता माझ्या कामाचे दोन प्रश्न. डॉक्सी सुरू केल्यावर दोन दिवसांनी स्लाइड घेतली तर त्यात अंगठ्या तशाच दिसतात, असं आमच्या सीनियर सांगतात. म्हणून ती एकटी कधी देत नाहीत. ते का? आणि दुसरं, हे अपिकोप्लास्ट मला माझ्या मायक्रोस्कोपखाली दिसेल का? जेएसबीत निळी अंगठी आणि लाल ठिपका एवढंच दिसतं. त्यातच कुठंतरी असेल तर निदान कुठं बघायचं ते कळू द्या.

नागपूरकर दादा, आमच्या क्वार्टरमध्येही आहेत तसले. औषध सापडलं तर कळवा.

थंडीतली_मराठी

ताई, मी कॅनडात समुद्रातल्या एकपेशीय जीवांवर पीएचडी करतेय. सरांनी पाया घातलाय, मी वरचं थोडं सांगते.

आधी तुमचे प्रश्न. अपिकोप्लास्ट जेएसबीत दिसणार नाही. अंगठीच्या अवस्थेत ते फारच छोटं असतं आणि त्या रंगात वेगळं उठून दिसत नाही. आम्ही त्याला चमकणारी खूणप्रथिनं जोडून फ्लुओरेसन्सखाली बघतो, किंवा पापुद्रे मोजायचे असले तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो.

डॉक्सीच्या उशिराला आमच्यात "डिलेड डेथ" म्हणतात. औषध लागलं तरी त्या फेरीतला परजीवी आपलं चक्र पुरं करतो. अपिकोप्लास्टने आधी बनवून ठेवलेला माल त्याला पुरतो. 48 तासांनी पेशी फुटते, पिल्लं बाहेर पडतात, नव्या तांबड्या पेशींत घुसतातसुद्धा. पण त्यांच्या वाट्याला चालू स्थितीतलं अपिकोप्लास्ट आलेलं नसतं. ती दुसऱ्या फेरीत मरतात. त्यामुळे दोन दिवसांच्या स्लाइडमध्ये अंगठ्या दिसणारच. पेशंटला तेवढं थांबायला वेळ नसतो, म्हणून जोडीला भरभर मारणारं औषध हवंच. क्लिंडामायसिनचंही असंच आहे. गरोदर बाईला आणि लहान मुलांना डॉक्सीऐवजी ते देतात.

आता माझ्या आवडीचा भाग. सरांनी सांगितलं ते लाल शेवाळाचं प्रकरण बरीच वर्षं वादात होतं. ज्या 1997 च्या शोधनिबंधात चार पापुद्रे मोजले, त्याच्या शीर्षकातच "बहुधा हिरव्या शेवाळापासून" असं होतं. अपिकोप्लास्टमधली जनुकं इतकी घसरलेली की नातं लावणं कठीण. वाद सुटला तो सिडनीच्या बंदरात. 2001 मध्ये रॉबर्ट मूर प्रवाळांत राहणारी शेवाळं गोळा करत होता. एका प्रवाळातून त्याला बारीक, तपकिरी रंगाचा गोल जीव मिळाला. उन्हावर वाढणारा. जनुकं वाचली तर हा अपिकॉम्प्लेक्साचा सख्खा शेजारी! 2008 मध्ये त्याचं नाव ठेवलं क्रोमेरा वेलिया. पुढे ग्रेट बॅरियर रीफवरून त्याचा जोडीदार व्हिट्रेला मिळाला. या दोघांची हरितलवकं अजून चालू आहेत, म्हणून त्यांतली जनुकंही शाबूत. ती मधे ठेवल्यावर मलेरियाचं अपिकोप्लास्ट लाल शेवाळाच्या बाजूचं आहे, हे 2010 मध्ये नीट लागलं.

पण क्रोमेरा म्हणजे मलेरियाचा आजोबा, असं कुणी समजू नका. तो चुलत भाऊ आहे. दोघांचा आजोबा कधीच गेला, त्याचा चेहरा आपण नातवंडांवरून काढतोय.

2015 मध्ये क्रोमेरा आणि व्हिट्रेलाचे पूर्ण जीनोम, म्हणजे सगळं डीएनए, छापले गेले. क्रोमेराची जनुकं सुमारे 26,000. पीएफची, 2002 मध्ये वाचली तेव्हा, सुमारे 5,300. म्हणजे गळती तर प्रचंड झाली, नागपूरकरांचं तेवढं खरं. गंमत अशी की टोकाच्या हत्यारांशी, पेशीच्या अस्तराशी संबंधित बरीच प्रथिनं त्या उन्हावर जगणाऱ्या क्रोमेरातही आहेत. तिथं त्यांचं काम वेगळं असेल, पण सामान घरात आधीपासून होतं.

आणि आळशी म्हणाल तर पीएफकडे बघा. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, कारखाना नाही, जवळपास रिकामी खोली. हा तिथं शेकडो प्रथिनं स्वतः बनवून पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पाठवतो, म्हणजे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि प्लीहेत जाऊन गाळली जात नाही. त्या चिकटणाऱ्या प्रथिनाची त्याच्याकडे साधारण 60 जनुकं आहेत. एका वेळी एकच वापरतो, आपल्या प्रतिकारशक्तीने ते ओळखलं की दुसरं काढतो. पीएफच्या स्लाइडमध्ये तुम्हाला अंगठ्या भरपूर दिसतात पण पुढच्या, वाढलेल्या अवस्था, म्हणजे मोठे ट्रोफोझोइट आणि शायझॉन्ट, क्वचित, ते यामुळेच. ते तेव्हा बोटाच्या रक्तात नसतात, आत कुठंतरी भिंतीला चिकटून असतात.

2019 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी आणखी एक धक्का दिला. ज्यांना आपण एकाच घराण्यातले परजीवी समजत होतो, त्यातले काही घराण्याबाहेरचे निघाले. शंखातला पिरिडियम घ्या, किंवा समुद्री किड्यांच्या आतड्यातला प्लॅटिप्रोटियम. दिसायला अगदी अपिकॉम्प्लेक्सन, पण वंशवृक्षात वेगळ्याच फांद्यांवरचे. म्हणजे या एवढ्याशा फांदीवर परजीवीपणा एकदा नाही, निदान तीनदा स्वतंत्रपणे आला. हत्यार तेच, शेवाळाचा तुकडा तोच, आणि वाटही तीच तीन वेळा चालली गेली. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात बोलकी गोष्ट हीच. एकदा घडलं तर योगायोग म्हणता येतं.

निवांत_नागपूरकर

बरं, आळशी शब्द मागे. पण मग केरळातला तो मेंदू खाणारा अमीबा? 2024 मध्ये सारखा बातम्यांत होता. तोही याच वाटेवर आहे का? आणि एकदा परजीवी झाला की परत मोकळा होता येतं का, की जन्मठेप?

गांडूळमास्तर

तो नेग्लेरिया. त्याला परजीवी म्हणायला माझी जीभ वळत नाही. कोमट गोड्या पाण्यात जिवाणू खाऊन सुखाने जगणारा जीव. नाकात पाणी गेलं, त्यातून तो वर मेंदूपर्यंत पोचला, तिथंही जे सापडेल ते खायला लागला. माणूस बहुतेक वेळा मरतो आणि त्याच्याबरोबर तोही. एका माणसातून दुसऱ्यात जात नाही. म्हणजे मेंदूत तो कितीही चांगला जगला तरी त्याची पिल्लं पुढच्या मेंदूत जाणार नाहीत. निवड कशावर होणार? जीवघेणा असणं आणि परजीवी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. बाहेर पडायचा रस्ता असल्याशिवाय वंश त्या बाजूला वळत नाही. मोनोसिस्टिस बघा, बापडा गांडुळाला मारतसुद्धा नाही. पक्ष्याने गांडूळ खाल्लं की त्याच्या गाठी विष्ठेतून नव्या मातीत. केवढा सोयीचा रस्ता!

काळ्या आजाराच्या लेश्मानियाची वाट तिसरीच. त्याचे मोकळे नातेवाईक डबक्यात जिवाणू खातात, आणि जवळचे नातेवाईक बहुतांशी फक्त किड्यांच्या आतड्यात राहणारे आहेत. आधी किडा, मग त्या किड्याने रक्त प्यायला सुरुवात केली तेव्हा आपण. अपिकॉम्प्लेक्साचा साचा सगळ्यांना लावू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

जन्मठेपेचं उत्तर कॅनडावाल्या ताईंनी द्यावं. मला गांडुळापलीकडे धाडस नाही.

थंडीतली_मराठी

बहुतेकांना जन्मठेपच सर. हजारो जनुकं गेली की मोकळ्या पाण्यात पहिला दिवससुद्धा काढणं कठीण. पण एक सुटलेला सापडलाय. आतड्यात राहून जुलाब लावणाऱ्या जिआर्डियाच्या नात्यातला ट्रेपोमोनस. त्याचे पूर्वज कुणाच्या तरी आतड्यात राहणारे होते, असं वंशवृक्ष सांगतो. तो स्वतः मात्र ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू खाऊन मोकळा राहतो. 2016 मध्ये त्याची जनुकं तपासली तेव्हा दिसलं की गेलेली जनुकं परत आलेली नाहीत. जिवाणू पचवायला लागणारी आणि डीएनएची अक्षरं स्वतः बनवायला लागणारी काही जनुकं त्याने जिवाणूंकडूनच उचलली आहेत.

कोसावाला

मी आरमोरीकडचा. आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम टसरचं, म्हणजे आमच्या भाषेत कोसा. येनाच्या झाडावर अळ्या सोडायच्या, पाखरांपासून राखायच्या. स्लाइडवाली ताई, तुमच्यासारखा मायक्रोस्कोप आमच्या बियाणे केंद्रातही असतो. मादी पतंगाने अंडी घातली की तिचं पोट पोटॅशच्या पाण्यात कुटून थेंब काचेवर घ्यायचा. चमकणारे अंड्यासारखे स्पोर दिसले की पेब्रिन, म्हणजे रेशीमकिड्यांचा रोग. मग त्या मादीची सगळी अंडी जाळायची.

माझा प्रश्न असा की ट्रेनिंगला मिळालेल्या जुन्या पुस्तकात पेब्रिन प्रोटोझोआमुळे होतो असं लिहिलंय. नवीन आलेले साहेब म्हणतात ती बुरशी आहे. कुणाचं धरायचं? आणि त्याच्यातही शेवाळाचा तुकडा आहे का? असला तर ती डॉक्सी की काय ती पानांवर मारून बघता येईल का?

थंडीतली_मराठी

दादा, साहेबांचं धरा. पेब्रिन करणारा नोसेमा हा मायक्रोस्पोरिडियन. एकपेशीय आहेच, म्हणून जुन्या पुस्तकांत प्रोटोझोआत टाकला जायचा. पण त्याचं नातं बुरशीच्या बाजूला लागतं. अपिकॉम्प्लेक्साशी काही संबंध नाही, शेवाळ नाही, अपिकोप्लास्ट नाही. डॉक्सीचा पैसा वाया घालवू नका, झाडावर तर अजिबात मारू नका.

त्याची गोष्ट मात्र मलेरियापेक्षाही टोकाची आहे. मायक्रोस्पोरिडियात मायटोकॉन्ड्रिया दिसत नव्हती. म्हणून 1980 च्या दशकात टॉम कॅव्हेलियर-स्मिथ यांनी असं मांडलं की हे, जिआर्डिया आणि आणखी काही जीव अतिप्राचीन आहेत, मायटोकॉन्ड्रिया येण्याआधीच वेगळे झालेले. पाठ्यपुस्तकांत ते बरीच वर्षं शिकवलं गेलं. मग एकेकात मायटोकॉन्ड्रियाचे बारके अवशेष सापडत गेले. 2002 मध्ये मायक्रोस्पोरिडियात, 2003 मध्ये जिआर्डियात. साधे दिसतात ते जुने म्हणून नाही, गाळून गाळून साधे झालेत म्हणून. सशांत सापडणाऱ्या त्यांच्या एका जातीचा जीनोम 2001 मध्ये वाचला, तो जेमतेम 29 लाख अक्षरांचा, सुमारे 2,000 जनुकांचा. कितीतरी जिवाणूंचा याहून मोठा असतो. स्वतःची ऊर्जासुद्धा पुरेशी बनवत नाहीत, यजमानाच्या पेशीतून तयार एटीपी (पेशीचं इंधन) ओढून घेतात, आणि ते ओढणारी प्रथिनं त्यांच्या पूर्वजांनी जिवाणूंकडून मिळवलेली.

पण एक हत्यार त्यांनी जपलंय, आणि ते अपिकॉम्प्लेक्साच्या हत्याराहून पार वेगळं. तुम्हाला जे चमकणारे स्पोर दिसतात ना, त्या प्रत्येकात एक लांब नळी गुंडाळून ठेवलेली असते. अळीच्या आतड्यात गेल्यावर ती झटक्यात उलटून बाहेर फेकली जाते, शेजारच्या पेशीत रुतते, आणि त्या नळीतून अख्खा जीव पलीकडे ढकलला जातो. बाहेर फक्त कवच उरतं.

तुम्ही मादी कुटून बघता ती पद्धत लुई पाश्चर यांनी 1860 च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये, आलेस गावी रेशमाच्या साथीवर काम करताना बसवली. आजही पेब्रिनवर तोच भरवशाचा उपाय आहे, कारण हा रोग मादीकडून थेट अंड्यात जातो. वरून अंडी कितीही धुतली तरी आतला नोसेमा तसाच राहतो.